ह्यांचा ओके

आमच्या घरात ओके हा शब्द कुणी आणला मला माहीत नाही, पण आला तो घरजावयासारखा ठाण मांडून बसला. उद्या एक लिटर दूध जास्त लागेल म्हटलं की दूधवाला म्हणतो ओके. फोन ठेवताना लोक पूर्वी ‘बरं, ठेवतो’ म्हणायचे, आता ओके म्हणतात. आमचा चिरंजीव भांडणसुद्धा ओकेवर संपवतो. ‘ओके, ओके, ओके’ असं घाईघाईनं म्हणाला की समजायचं, आई, तू आता गप्प बस. सूनबाईंचा ओके जरा लांबतो. त्याचा अर्थ, तुमचं मला अजिबात पटलेलं नाही पण मी वाद घालणार नाही. एवढ्याशा शब्दाला लोक किती राबवतात! माणूस असता तर कधीच राजीनामा देऊन मोकळा झाला असता.

हे मात्र तो कामापुरताच वापरायचे. हे म्हणजे माझे यजमान. आमच्या घराच्या तळमजल्यावर ह्यांचा खुर्च्यांचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे दोन लांब टेबलं, एक करवतीचं मशीन, फळ्यांची रास, मिस्त्री आणि हाताखालची दोन-तीन पोरं. वरच्या मजल्यावर आमचं बिऱ्हाड. खुर्ची तयार झाली की हे स्वतः तिच्यावर बसायचे. पुढे झुकायचे, मागे रेलायचे, मग एका बाजूवर सगळा भार टाकून बघायचे आणि म्हणायचे, ‘ओके.’ तो आवाज जिन्यातून वर माझ्या स्वयंपाकघरात यायचा. दुपारभर ओके, ओके. मी शेजारणीला कौतुकानं सांगायची, आमच्याकडे एक खुर्ची म्हणून नापास होत नाही हो!

खाली मी कधी जायचीच नाही. लाकडाचा भुसा नाकात गेला की मला शिंकांवर शिंका येतात, थांबायचं नाव नाही. वर माझं राज्य, खाली ह्यांचं, आणि मधला जिना ही सरहद्द. जेवायला हाक मारायची तीसुद्धा मी वरच्या पायरीवरूनच मारायची.

मागच्या वर्षी एका सकाळी दाढी करता करता हे आरशासमोर खाली बसले. झटका आला होता. उजवा हात आणि उजवा पाय गेल्यातच जमा झाले, आणि बोलणं गेलं. सगळं नाही गेलं. एक शब्द राहिला.

कुठला राहिला असेल ते तुम्ही ओळखलंच. मला आधी भयंकर राग आला. इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांनी मला कधी नावानं हाक मारली नाही, ‘अगं’ म्हणायचे. दोन अक्षरं. ती राहायला काय हरकत होती? घरचं माणूस निघून गेलं आणि हा परक्या भाषेतला पाहुणा मागे राहिला. दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवशी मी न्हाणीघरात नळ सोडून पोटभर रडले.

बोलायला शिकवणाऱ्या एक बाई घरी यायच्या. कपाचं चित्र दाखवायच्या. ‘सांगा, काय आहे हे? क... क...’

‘ओके,’ हे म्हणायचे.

बाई चांगल्या होत्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, ‘काही जणांचा असा एकच शब्द उरतो. तोच तोंडातून येतो. ते ओके म्हणाले म्हणजे हो म्हणाले असं धरू नका.’

‘पण समजतं ना ह्यांना सगळं?’

‘काही समजत असेल. किती, ते नाही सांगता येणार.’

हे मी कुणाला सांगितलं नाही. मी कंबर कसली आणि ओके शिकायला बसले. शिकले पण! भाजीत मीठ कमी असलं की ह्यांचा ओके नाकातून यायचा. पाय दुखत असला की तो दातांत अडकायचा. उशी हवी असली की ओढून ओढून म्हणायचे, बातम्या लागल्या की शिवी दिल्यासारखे फेकायचे. सुट्टीत नात मांडीवर आली की तोच शब्द असा मऊ व्हायचा की ती पाच मिनिटांत झोपायची. भेटायला कुणी आलं की मी दुभाष्यासारखी शेजारी बसायची. ‘ते म्हणताहेत, तुम्ही वाळलात. ते विचारताहेत, मुलीचं कसं चाललंय.’ लोक थक्क व्हायचे. मला जरा चढलंच होतं म्हणा ना.

पण पाहुणे गेल्यावर कपबशा विसळताना शंका यायची. ह्यांनी खरंच विचारलं होतं का मुलीचं? की मीच माझ्या मनातलं ह्यांच्या तोंडी घालत होते? ह्यांच्या डोळ्यांत बघायची आणि वाटायचं, आहेत आत. दुसऱ्या दिवशी बघायची आणि वाटायचं, नाहीत. खरं सांगते, त्या वर्षात मला दुसरं काही नको होतं. हे आत आहेत की नाहीत, एवढंच कुणीतरी मला छातीठोकपणे सांगायला हवं होतं.

कारखाना मिस्त्रीनं चालू ठेवला होता. मिस्त्री ह्यांच्याहून थोडा लहान, ह्यांच्याच हाताखाली तयार झालेला, बोलायला तुसडा आणि मनानं लोणी. ह्यांना घरी आणलं तेव्हा तो वर आला, पलंगावरच्या माणसाकडे एकदा बघितलं आणि जिन्यात जाऊन ओक्साबोक्शी रडला. त्यानंतर त्यानं आमचा उंबरा ओलांडला नाही. पण एके दिवशी एक नवी खुर्ची दाराशी आणून ठेवली आणि बाहेरूनच म्हणाला, ‘वहिनी, मालकांच्या ओकेशिवाय आपल्याकडून एक खुर्ची बाहेर गेलेली नाही. तेवढं बसवून बघा त्यांना.’

मला ते पटलं. मी खुर्ची आत घ्यायची, ह्यांना धरून तिच्यावर बसवायची. हे जमेल तसे पुढे झुकायचे, मागे व्हायचे, डावीकडे कलायचे. मग ओके. मी परत पलंगावर बसवायची आणि जिन्यातून खाली ओरडायची, ‘ओके!’ खालून मिस्त्री ओरडायचा, ‘ओके!’ बरं वाटायचं. घराला घरासारखा आवाज यायचा.

एकच विचित्र गोष्ट होती. पलंगावर बसल्यावर हे कधी कधी डाव्या हातानं खुर्चीची पाठ धरायचे आणि ओढत, ढकलत तिला फिरवत राहायचे. घामाघूम व्हायचे, पण खुर्चीचं तोंड पार भिंतीकडे झाल्याशिवाय सोडायचे नाहीत. ‘अहो, असं काय करता लहान मुलासारखं?’ असं म्हणून मी ती सरळ करायची आणि दाराबाहेर नेऊन ठेवायची. हे माझ्याकडे बघून ओके, ओके करायचे, कपाळावरची शीर फुगायची. आजारपणाचा चाळा, दुसरं काय, असं म्हणून मी कानाडोळा केला.

मग चिरंजीव आला. तो दुसऱ्या गावात मोठ्या कचेरीत आहे, मुलगा गुणी आहे, फक्त प्रत्येक गोष्ट आधीच ठरवून येतो. ह्यांच्या पलंगाजवळ खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, ‘बाबा, हे असं किती दिवस चालणार? कारखाना बंद करू. खालची जागा एक टाइल्सवाला घ्यायला तयार आहे. तुम्ही दोघं आमच्याकडे या. ओके?’

‘ओके,’ हे म्हणाले.

‘झालं!’ चिरंजीव खूश झाला. ‘बाबांनी होकार दिला.’

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ‘तो होकार नव्हता. मला कळतो त्यांचा ओके.’

चिरंजीव ह्यांच्याकडे वळला. चेहरा अगदी सरळ ठेवून म्हणाला, ‘बाबा, मी तुमचा सासरा आहे ना?’

‘ओके.’

‘आपल्या घराला पाय आहेत आणि ते रोज फिरायला जातं, बरोबर?’

‘ओके.’

मग तो माझ्याकडे वळला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, तेव्हा मला त्याच्यावर धड रागावताही येईना. ‘आई, बाबांना काही कळत नाही गं. तू मानत नाहीस, पण नाही कळत. मग इथे जीव काढून काय करायचंय? पुढच्या रविवारी मी येतो, टाइल्सवाल्याला शब्द देऊन टाकू.’

  तो गेल्यावर त्याची खुर्ची भिंतीकडे तोंड करून उभी होती. हे दमून उशीला टेकले होते. मी ती सरळ केली आणि चहाचे कप उचलले.

त्या आठवड्यात आणखी एक घाव बसला. जवळच्या वाचनालयानं आमच्याकडून खुर्च्या घेतल्या होत्या, त्यांतल्या चार परत आल्या. डुगडुगत होत्या. माणूस पान उलटायला वाकला की खुर्ची टकटक वाजायची, आणि वाचनालयात दुसरा आवाज कुठला? आमच्या कारखान्यात कधी खुर्ची परत आली नव्हती. मिस्त्री जिन्याच्या तळाशी उभा राहून वर ओरडला, ‘वहिनी, ह्या मालकांनी पास केल्याच कशा? माझी नजर कमी झालीय, मान्य. म्हणून तर वर पाठवतो ना मी?’

 म्हणजे चिरंजीव म्हणतो तेच खरं. खुर्ची हलते की नाही, एवढंसुद्धा ह्यांना आता कळत नाही, आणि ते कळत नसेल तर ह्यांना माझं काय कळत असणार? त्या दिवशी मी ह्यांच्याशी फारसं बोलले नाही. भाजीत मीठ कमी होतं की जास्त, तेही विचारलं नाही. हे दोनदा ओके म्हणाले आणि मी मुकाट्यानं ताट उचललं.

रविवारी सकाळी चिरंजीव आला. मी कपाटातून चादरी काढत होते, काय न्यायचं नि काय टाकायचं ते बघत होते. इतक्यात दाराशी खडखड झाली. मिस्त्री उभा होता, दोन्ही हातांत दोन खुर्च्या. त्यानं उंबऱ्याकडे बघितलं, घसा खाकरला आणि आत आला.

‘दुरुस्त केलीय एक,’ तो माझ्याकडे न बघता म्हणाला. ‘कारखाना बंद व्हायच्या आधी शेवटचा ओके त्यांच्या तोंडून ऐकून जावा म्हटलं. दुसरी तशीच आहे, परत आलेली, फरक दिसावा म्हणून आणली. ती नंतर मोडीन.’

पलंगावरचा माणूस आणि दारातला माणूस एकमेकांकडे बघत राहिले. ह्यांनी डावा हात पुढे केला. मिस्त्रीनं तो दोन्ही हातांत धरला आणि परत रडायच्या बेतात आला, पण सावरला. ह्यांच्या काखेत हात घालून त्यानं ह्यांना दुरुस्त केलेल्या खुर्चीवर बसवलं. हे झुकले, रेलले, कलले. ‘ओके.’

‘आता दुसरीवर पण बसवा,’ मी म्हणाले. का म्हणाले कुणास ठाऊक. मला बहुतेक पुरती खात्री करून घ्यायची होती की सगळं संपलंय.

दुसऱ्या खुर्चीवर बसले. हे डावीकडे कलले तसा तिचा एक पाय टक करून वाजला. ‘ओके,’ हे म्हणाले. चिरंजीवानं मान खाली घातली. मिस्त्रीनं ह्यांना उचलून पलंगावर बसवलं.

आणि हे लागले आपल्या चाळ्याला. डाव्या हातानं त्या दुसऱ्या खुर्चीची पाठ पकडली, ढकलली, ओढली. पाय फरशीवर करकरले. मी सवयीनं पुढे झाले, ‘अहो, पुरे आता,’ म्हणत तिला सरळ करायला हात घातला.

‘वहिनी, हात लावू नका!’

मिस्त्री माझ्यावर इतक्या जोरात कधी ओरडला नव्हता. मी हात मागे घेतला. ह्यांनी खुर्ची पुरती फिरवली, भिंतीकडे तोंड केलं आणि धापा टाकत बसले. पहिलीला हातही लावला नाही.

‘हे असं आधी करत होते?’ मिस्त्रीनं विचारलं.

‘कधी कधी. सगळ्यांना नाही. मी सरळ करून बाहेर ठेवायची...’

मिस्त्री मटकन खाली बसला. ‘वहिनी, अहो, तोंडानं तर ते सगळ्यांनाच ओके म्हणायचे! ते शिकत होते ना, तेव्हा त्यांची पहिली खुर्ची त्यांच्या उस्तादानं चारचौघांत लाथेनं उडवली होती. तेव्हापासून कुणाच्या तोंडावर वाईट म्हणायचं नाही, हा त्यांचा नेम. खुर्ची चांगली असो, वाईट असो, बसायचं आणि ओके म्हणायचं. पास झाली तर दाराकडे तोंड. राहिली असेल तर गुपचूप भिंतीकडे. आम्ही त्यांच्या तोंडाकडे बघतच नव्हतो, हाताकडे बघायचो. मला वाटलं, तुम्हीही हात बघूनच खाली ओके ओरडता. संध्याकाळी सगळे पांगले की ज्याची त्यानं उचलायची आणि परत करायची.’

‘मग मोडायची नाही?’ चिरंजीवानं विचारलं.

‘छे! भिंतीकडे म्हणजे मोडीत नव्हे. भिंतीकडे म्हणजे परत हातात घे, जमेल तुला.’

मी ह्यांच्याकडे बघितलं. एक वर्ष. एक वर्ष हा माणूस घाम गाळून, एका हातानं, मला सांगत होता की ही खुर्ची डुगडुगते, आणि मी ती सरळ करून पास करत होते. पाहुण्यांसमोर दुभाषी म्हणून मिरवत होते! मला माझी लाज वाटली, आणि त्या लाजेच्या वर इतका आनंद झाला की काय करावं कळेना. हे आत होते. पहिल्या दिवसापासून, सगळेच्या सगळे आत होते. मी पलंगाशी जाऊन ह्यांचा डावा हात हातात घेतला आणि म्हणाले, ‘अहो, मला एकदा तरी हाणायचं होतंत.’

‘ओके,’ हे म्हणाले, आणि हसले. हसू अर्ध्याच चेहऱ्यावर आलं, पण ते ह्यांचंच होतं.

मला आठवलं ते तेव्हाच. ‘मागच्या वेळी तू गेल्यावर,’ मी चिरंजीवाला म्हटलं, ‘तुझी खुर्ची भिंतीकडे होती. मी सरळ केली होती.’

 चिरंजीवानं तीच घरातली खुर्ची पलंगालगत ओढली, तिच्यावर बसला आणि परीक्षेला बसल्यासारखे हात मांडीवर ठेवून म्हणाला, ‘बाबा, परत विचारतो. कारखाना बंद करायचा. जागा टाइल्सवाल्याला द्यायची. तुम्ही दोघांनी आमच्याकडे यायचं.’

‘ओके,’ हे म्हणाले. लेकाच्या तोंडावर वाईट म्हणतील ते हे कसले?

चिरंजीव उठला. आम्ही सगळे हाताकडे बघत होतो. हात खुर्चीच्या पाठीवर गेला. ढकलली, ओढली. मिस्त्री मदतीला पुढे झाला, त्याला ह्यांनी कोपरानं बाजूला सारलं. खुर्ची हळूहळू वळली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. चिरंजीवाचा चेहरा उतरला. मग त्यानं काय करावं? मुकाट्यानं ती उचलली आणि परत पलंगालगत, दाराकडे तोंड करून मांडली.

‘ठीक आहे, बाबा. परत करतो,’ तो म्हणाला. ‘कारखाना चालू. पण आई एकटी किती करणार? दिवसभर तुम्हाला उठवायचं, बसवायचं. तुम्हाला जिना उतरता येत नाही, खुर्च्या वर आणायच्या, ह्याला अर्थ नाही. ह्याचं काय करू, सांगा.’

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मला कळलं, म्हणजे कळलं असं वाटलं. पण आता माझ्या कळण्यावर माझाच भरवसा उरला नव्हता. ते रीतसर विचारून घ्यायला हवं होतं. मी चिरंजीवाला बाजूला केलं आणि त्या खुर्चीवर बसले.

‘अहो, ऐका. पलंग खाली नेऊ. कारखान्यातच, खिडकीजवळ. चूलसुद्धा खालीच मांडते. तुम्ही तिथूनच खुर्च्या बघा, मिस्त्रीला रागावा, नाहीतर नका रागावू, फिरवा त्याच्या खुर्च्या भिंतीकडे. वरच्या खोल्या राहू देत चिरंजीवाला, सुट्टीत येतील सगळे.’

‘आई, तुला भुसा,’ चिरंजीव म्हणाला.

‘शिंकीन,’ मी म्हणाले.

‘ओके,’ हे म्हणाले. नेहमीसारखंच म्हणाले, त्यातून काडीचंही काही कळायला मार्ग नव्हता.

मी उठून बाजूला उभी राहिले. छाती धडधडत होती, हे मला बघायला आले होते तेव्हासुद्धा एवढी धडधडली नव्हती. ह्यांचा डावा हात उचलला, माझ्या खुर्चीच्या पाठीवर आला. बोटांनी पाठ धरली.  हात तिथेच राहिला, घोड्याच्या मानेवर ठेवावा तसा, आणि मग सावकाश मांडीवर परत गेला. खुर्ची दाराकडे तोंड करून होती तशीच उभी राहिली.

मला रडू फुटलं. चिरंजीवानं विचारलं, ‘काय झालं गं?’ मी पदरानं नाक पुसत त्याला सांगितलं, मिस्त्रीच्या कपड्यांवरचा भुसा गेला नाकात.